घोडे कुठे उभे करायचे?

डोंबिवलीतल्या एका घरात जेवणाचं टेबल सध्या जेवायला मिळत नाही. त्यावर लेगोच्या विटांचं व्हिक्टोरिया टर्मिनस चढतंय. म्हणजे आजचंच छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, पण १८९० च्या सुमाराचं. समोर घोडागाड्या, रस्त्यात घोड्यांची ट्राम. बांधणारी भाची दातांची डॉक्टर, त्यामुळे चिमट्याने बारीक तुकडे बसवण्याचा हात आहे. मामा रेल्वेच्या ड्रॉइंग ऑफिसातून निवृत्त झालेले. दोघांचं एकमेकांवर प्रेम भरपूर, एकमत अजिबात नाही. त्यांचं भांडण मला त्या स्टेशनाइतकंच बघण्यासारखं वाटलं, म्हणून मध्ये फारशी लुडबुड न करता इथे मांडतो.

मामा : ही गाडी गोल का फिरते?

भाची : रूळ गोल मांडलेत म्हणून. सोळा वक्र तुकड्यांत वर्तुळ पुरं होतं. मुलं खूश, पाहुणे खूश.

मामा : अगं, टर्मिनस आहे ना ते? टर्मिनसला गाडी आली की बफरपाशी थांबते. पुढे काय बझारगेटात शिरणार का? इंजिन बफरच्या बाजूला अडकतं, मागून दुसरं इंजिन येतं, डबे काढून नेतं, तेव्हा कुठे पहिलं मोकळं होतं. टर्मिनसची सगळी गंमत त्या अडकण्यात आहे.

भाची : बरं, गोल काढते. २०१८ पासूनच्या लेगो मोटारींना प्रोग्रॅम देता येतो. हळू ये, थांब, उलटी जा, एवढं जमेल. पण खरी अडचण वेगळीच आहे. व्हीटीचं तोंड पश्चिमेला, रस्त्याकडे. फलाट आत. घुमट बघायला रस्त्यावर उभं राहिलं की गाडी दिसत नाही, आणि गाडी बघायला आत गेलं की घुमट डोक्यावर. माझ्या टेबलावर दोन्ही एकदम दिसायला हवेत.

मामा : मग भिंत काप. आम्ही सेक्शन काढायचो तसा. अर्धी इमारत उघडी, आत फलाट.

भाची : कापलेली इमारत अभ्यासाची वाटते. मला देखावा हवाय, नकाशा नको.

मामा : गणपतीपुढचा देखावा?

भाची : त्यात काय कमी आहे? लोक रांग लावून बघतात.

(मापाबद्दल मात्र दोघांचं जमलं, आणि ते गणित इतकं सुरेख आहे की थोडं थांबून सांगतो. लेगोच्या दोन रुळांमध्ये ३७.५ मिलिमीटर अंतर असतं. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर. भागाकार केला तर प्रमाण साधारण एकास पंचेचाळीस. लेगोची बाहुली चार सेंटिमीटर उंच; पंचेचाळीसने गुणलं की एक मीटर ऐंशी. युरोपातल्या १४३५ मिलिमीटरच्या गेजला हेच रूळ लावले तर प्रमाण अडतीस होतं आणि माणूस दीड मीटरचा बुटका. म्हणजे डेन्मार्कमध्ये जन्मलेली बाहुली हिंदुस्थानी गेजवरच उंचीला बरोबर बसते. रुंदीला नाही, खांद्यात ती एखाद्या पिंपासारखी आहे, त्याला इलाज नाही.)

मामा : प्रमाण पंचेचाळीस धरलंस, तर शंभर मीटरचा दर्शनी भाग सव्वादोन मीटर होतो. हे टेबल केवढं?

भाची : म्हणून तर मधला घुमट आणि एका बाजूच्या थोड्या कमानी एवढंच घेतलंय. उंचीही दाबलीय.

मामा : गाडी खऱ्या प्रमाणात आणि इमारत निम्मी? फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने दहा वर्षं घातली या इमारतीवर. १८७८ ते १८८८. तू परस्पर मजले उडवलेस.

भाची : मजले नाही उडवले, प्रत्येक मजला थोडा बुटका केला. डोळा मजले मोजतो, मजल्याची उंची मोजत नाही. कमानींची ओळ, मग बारीक पट्टा, मग पुन्हा कमानी, कोपऱ्यात मनोरा: हा क्रम राहिला की व्हीटी राहिलं.

मामा : आणि वर ही कोण?

भाची : प्रगतीची मूर्ती. करड्या रंगाची साधी बाहुली आहे. उजव्या हातात मशाल, डाव्या हातात गाडीचं छोटं चाक. खऱ्या मूर्तीच्या हातात हेच आहे ना?

मामा : हेच आहे. थॉमस अर्पने घडवलेली. पण ती माणसाच्या दुपटीहून उंच आहे.

भाची : इमारत दाबली, तशी तीही दाबली. घुमट बघ. आठ पाकळ्या वेगळ्या केल्या, प्रत्येक बिजागरीवर आत झुकवली.

मामा : हं. खरा घुमटही अष्टकोनीच, फासळ्यांचा. आणि तो खालून लाकडी साच्याचा टेकू न देता चढवला होता म्हणतात. तुझ्या पाकळ्या कशावर टेकल्यात?

भाची : एकमेकींवर.

मामा : मग बरोबर आहे.

(ही मामांकडून मिळणारी सर्वोच्च पदवी.)

मामा : पण एवढे बारीक तुकडे कशाला? कमानीभोवती नक्षी, खिडकीवर नक्षी, पट्ट्यावर नक्षी. धूळ बसेल नुसती. रेल्वेचा देखावा म्हणजे रूळ, सांधे, सिग्नल, पाण्याचा नळ, कोळसा. हे सगळं राहिलं बाजूला आणि तू दागिने घालत बसलीस.

भाची : व्हीटीचे दागिने काढले तर काय उरतं? गोदाम. शिवाय तू ज्याला नक्षी म्हणतोस ती नक्षी नाहीच आहे. गणित कर. पन्नास सेंटिमीटरचं दगडी जनावर या मापात अकरा मिलिमीटर होतं. लेगोच्या विटेवर दोन उंचवट्यांतलं अंतर आठ मिलिमीटर असतं. म्हणजे ते अख्खं जनावर एका उंचवट्यावर बसवायचं. त्याला नाक-डोळे कुठून आणू? मी कोरत नाही, मी सावली पाडते.

मामा : सावली?

भाची : लेगोची चपटी प्लेट ३.२ मिलिमीटर जाड असते. भिंतीतून एक प्लेट पुढे काढली, तर खऱ्या इमारतीत ते चौदा सेंटिमीटर झालं. दगडी पट्टा तेवढाच पुढे येतो. वरून दिवा लावला की त्याच्याखाली काळी रेघ उमटते. लांबून बघणाऱ्याला ती रेघ म्हणजेच कोरीवकाम. आणि विटा आडव्या बसवण्याची युक्ती यासाठीच. पाच प्लेटा एकावर एक ठेवल्या की सोळा मिलिमीटर, दोन उंचवट्यांची रुंदीही सोळा. उभं काम आणि आडवं काम एकमेकांत असं चपखल बसतं. १९५८ साली विटेचं पेटंट घेतलं तेव्हापासून मापं तीच आहेत; तेव्हाची वीट आजच्या विटेवर बसते.

मामा : हे मला आवडलं. माप न बदलणारी कंपनी पाहिजे.

भाची : आणि दागिने म्हणून नाक मुरडू नकोस. ते कोरीवकाम जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचं आहे. इथल्या मुलांनी दगडात पानं, पक्षी, माकडं काढली. नकाशा साहेबाचा, हात इथले.

मामा : नुसते हात नाही. सीताराम खंडेराव साहाय्यक इंजिनिअर होते कामावर. नाव क्वचित घेतलं जातं. आणि दर्शनी भिंतीवर नाना शंकरशेटांचा चेहरा आहे, जमशेटजी जीजीभॉयांचाही आहे. तुझ्या भिंतीवर कुठे आहेत ते?

भाची : ती गोल टिकली.

मामा : कोरी?

भाची : तीन टिकल्या आहेत, तिन्ही कोऱ्या. त्या आकारात चेहरा छापला तर माशी बसल्यासारखा दिसेल.

मामा : नानांचा चेहरा कोरा ठेवतेस आणि प्रगतीबाईच्या हातात मशाल देतेस.

(यावर भाचीकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही.)

भाची : तू सालाचा एवढा आग्रह धरतोस, तर सांग, घड्याळाखालचा राणीचा पुतळा ठेवू की नको?

मामा : ठेव. १८९० म्हटलं की होता तो. स्वातंत्र्यानंतर हलवला. तारीख म्हणजे तारीख.

भाची : मी नाही ठेवणार. कोनाडा रिकामा राहील.

मामा : मग ते १८९० नाही.

भाची : नसेल. घर माझं, टेबल माझं.

(इथे मी भाचीच्या बाजूने. खेळण्यात एक तरी गोष्ट बांधणाऱ्याच्या मर्जीची असावी.)

मामा : पण साल ठरवल्याचा फायदाही घे ना. जीपीओची इमारत दाखवायची गरज नाही, ती १९१३ ची. समोर महापालिकेची इमारत, तीही स्टीव्हन्सचीच, १८९३ ला पुरी झाली. म्हणजे १८९० ला काम चालू. तिथे अर्धवट भिंत आणि बांबूची परांची दाखव. तुकडे कमी लागतील आणि खरंही होईल.

भाची : वा! परांची झकास दिसेल. तपकिरी काड्या आहेत माझ्याकडे भरपूर.

मामा : आणि घोड्यांची ट्रामही याच काळात. १८७४ ला सुरू झाली, कुलाबा ते पायधुणी आणि बोरीबंदर ते पायधुणी. १९०५ ला बंद, १९०७ ला विजेची आली. स्टेशन पुरं झालं १८८८ ला. म्हणजे ही इमारत आणि घोड्यांची ट्राम एकाच फोटोत यायची तर सतरा वर्षांची फट आहे. तू नेमकी तीच धरलीस, शाबास. पण या चार गाड्या काय आहेत?

भाची : व्हिक्टोरिया.

मामा : चांदीच्या? तुरे लावलेल्या? दिव्यांच्या माळा?

भाची : मुंबईची व्हिक्टोरिया म्हणजे हीच ना?

मामा : ही नरिमन पॉइंटची, पर्यटकांना फिरवणारी. तुझ्या लहानपणची. १८९० ची गाडी काळी, दुमडत्या छताची, भाड्याची. वापरून झिजलेली. आणि चाकं केवढी ही?

भाची : लेगोचं आऱ्यांचं मोठं चाक. ३३ मिलिमीटर.

मामा : गुणिले पंचेचाळीस. दीड मीटर. मोतद्दाराच्या छातीच्याही वर चाक जाईल.

भाची : छोटं २७ चं आहे. ते सव्वा मीटर होतं.

मामा : ते मागे लाव. पुढे त्याहून लहान. व्हिक्टोरियाची पुढची चाकं लहानच असतात, वळताना गाडीखाली शिरायला हवीत. आता मला सांग, हे आठ घोडे इथे काय करतायत?

भाची : उभे आहेत. शोभेला.

मामा : तिथेच चुकतंय सगळं. तू घोडे जुन्या काळाची खूण म्हणून ठेवलेस. एकीकडे नवं इंजिन, दुसरीकडे जुना घोडा, आणि घोडा आता जाणार, हळहळा. असं झालं नाही. आगगाडी आली म्हणून घोडे गेले नाहीत. वाढले.

भाची : वाढले कसे?

मामा : गाडी माणसाला कुठवर आणते? फलाटापर्यंत. पुढे? ट्रंक, वळकटी, बायको, दोन मुलं घेऊन ठाण्याहून आलेला माणूस गिरगावात कसा जाणार? आगगाडीने माणसं एका जागी आणून ओतली, आणि तिथून ती वाटायला घोडे लागले. ट्राम कंपनीच्या पागेत सुरुवातीलाच नऊशे घोडे होते असं सांगतात. नऊशे! कारण एक जोडी दिवसभर ट्राम ओढू शकत नाही. काही तास झाले की जोडी बदलायची. रस्त्यावर एक ट्राम दिसते, तिच्यामागे पागेत कितीतरी जोड्या उभ्या असतात.

भाची : मुंबईचंच असेल ते.

मामा : लंडनचंही तेच. तिथल्या रेल्वे कंपन्यांच्या स्वतःच्या पागा होत्या, हजारो घोड्यांच्या, माल घरपोच करायला. यार्डात वाघिणी ओढायलाही घोडे. इंग्लंडमध्ये शंटिंगचा शेवटचा घोडा १९६७ साली निवृत्त झाला, न्यूमार्केटला. तोवर तिथे डिझेल आणि विजेची इंजिनं धावत होती. आणि अमेरिकेत १८७२ ला काय झालं माहितीये? टोरंटोकडून घोड्यांच्या तापाची साथ पसरली. शहराशहरांतल्या ट्रामा बंद. रेल्वेने आलेला माल स्टेशनांत पडून, कारण उचलून न्यायला जनावर नाही. त्याच नोव्हेंबरात बोस्टनला आग लागली, तेव्हा बंब माणसांनी ओढले. इंजिनं धडधाकट होती. घोडे आजारी पडले आणि शहर बसलं.

भाची : हे तू आधी का नाही सांगितलंस?

मामा : तू दागिने घालत होतीस.

भाची : पण मामा, मी नऊशे घोडे नाही लावू शकत. आणि लेगोचा घोडा करून करून काय करणार? मान हलवतो, २०१२ नंतरचा मागच्या पायांवर उभा राहतो. दमलेला घोडा मिळत नाही.

मामा : घोडा दमलेला नको. त्याच्याभोवतीचं काम दाखव. पाण्याचा हौद. तोंडाला तोबरा. चंदीची पोती. एका घोड्याला खरारा करणारा मोतद्दार. नालबंद. ट्राम शेवटाला पोचली की घोडे सोडून दुसऱ्या टोकाला जुंपायचे, ट्राम वळवायची नाही. ती सोडलेली जोडी दाखव, मधे मोकळी उभी. एवढं केलंस तर आठ घोड्यांत नऊशे दिसतील.

भाची : आणि लीद?

मामा : लीद तर हवीच. आणि ती उचलणाराही.

भाची : बघ हं, माझ्या मैत्रिणी मुलांना घेऊन येतात. त्यांना घुमट बघायचाय, गाडी बघायचीय. तू मला त्यांच्यापुढे जनावरांच्या हालाचं प्रदर्शन मांडायला सांगतोयस. २०१५ ला उच्च न्यायालयाने नरिमन पॉइंटच्या त्या व्हिक्टोरिया बेकायदा ठरवल्या. बरं झालं, मलाही पटलं. नंतर तिथे विजेवर चालणाऱ्या गाड्या आल्या. खऱ्या घोड्यांची सुटका झाली, माझ्या टेबलावर तरी त्यांना छान उभं राहू दे की.

मामा : सुटका झाली ती कशातून, हे न दाखवता? अगं, परळला बाई साकरबाई दिनशा पेटिटांच्या नावाचं जनावरांचं इस्पितळ १८८० च्या दशकापासून आहे. ते काय शोभेला बांधलं? रस्त्यात जनावरं पडत होती म्हणून बांधलं. मी हाल दाखव म्हणत नाही. काम दाखव. पाणी पिणारा घोडा बघून मूल रडणार नाही. उलट त्यालाच हात लावायला जाईल.

(मुलांबद्दल मामांचा अंदाज बरोबर आहे. घुमटापेक्षा बादली जवळची वाटते, हे कुठल्याही प्रदर्शनात दिसतं.)

भाची : ठीक आहे. बादली आहे, तोबऱ्याला तपकिरी पिशवी करता येईल. ट्रामचे रूळ उघडे ठेवणार नाही, रस्त्याच्या फरशीत बुडवते. हौदाला निळसर पारदर्शक टिकल्या. पण जागा? टेबल भरलंय.

मामा : एक कमान काढ.

भाची : कमान नाही काढणार. कमानींची ओळ तुटली की व्हीटी गेलं. तेच तर मी मघापासून सांगतेय.

मामा : मग?

भाची : डबे काढते. चार आहेत, दोन पुरेत.

मामा : डबे? अगं, रेल्वेचा देखावा आहे हा! चार डब्यांची म्हणजे मुळातच तोकडी गाडी, आणि त्यातले दोन…

भाची : तूच म्हणालास. गाडी माणसाला फलाटापर्यंतच आणते.

मामांनी यावर दोन दिवस फोन केला नाही. मग केला, तो हौदाची उंची सांगायला: घोड्याला मान फार वाकवावी लागता कामा नये, म्हणून एका विटेहून थोडा जास्त.

मला विचाराल तर दोन डबे गेले हेच योग्य झालं. नक्षीच्या बाबतीत भाची पूर्ण बरोबर आहे. एवढ्या लहान मापात अलंकरण हा भिंतीवर वरून लावलेला थर नसतो, तीच इमारत असते, आणि कमानींचा ठेका राखायला तिने मोडलेली मापं मी तिला माफ करतो. मामांचा सेक्शन, कापलेली भिंत, हे त्यांच्या ऑफिसात राहू दे. पण घोड्यांच्या बाबतीत ते म्हणतात ते नुसतं टेबलापुरतं खरं नाही. जुन्या स्टेशनांची जी जी मॉडेलं मी पाहिली, विटांची, लाकडाची, पुठ्ठ्याची, त्यांत घोडागाडी दारात रिबीन बांधल्यासारखी उभी असते. रिकामी, चकचकीत, कुणाची वाट न बघणारी. इंजिनाला कोळसा आणि पाणी लागतं हे मॉडेल करणारा कधी विसरत नाही. घोड्यालाही लागतं, हे हमखास विसरतो.

आता भाचीचं एक काम अडलंय, आणि तिथे तुमची मदत होऊ शकेल. व्हीटीचे जुने फोटो ढिगाने मिळतात. घुमट, सिंह, वाघ, हवं ते. त्या काळातल्या मुंबईतली पागा, घोड्यांचा हौद, नालबंदाचं दुकान, ट्रामचे घोडे बदलण्याची जागा, यांचे फोटो मात्र शोधत बसावे लागतात, कारण तिकडे कॅमेरा वळवावा असं फारसं कुणाला वाटलं नाही. तुमच्या घरातल्या एखाद्या जुन्या अल्बममध्ये, कुणा पणजोबांच्या मागे का होईना, असं काही आलं असेल, तर तो फोटो फेकू नका. त्याची प्रत या मासिकाच्या पत्त्यावर पाठवा, मी ती डोंबिवलीला पोचती करीन.